वापरायचं पाणी

सुपरव्हिजनची यादी बोर्डावर लागली. माझं नाव सलग अकरा दिवस आहे हे बघून मी परीक्षा विभागाच्या नावानं बोटं मोडली. गेली सत्तावीस वर्षं मोडतेय, त्यांना काही झालेलं नाही आणि माझी बोटंही शाबूत आहेत. एप्रिल संपत आला की आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजला एक वेगळाच वास सुटतो. पुरवण्या बांधायच्या दोऱ्यांची खोकी उघडतात, त्यातला खळीचा नि धुळीचा वास. घामेजलेल्या शर्टांचा वास. मागच्या भिंतीपलीकडच्या फणसाचा वास, जो अर्ध्या स्टाफला आवडतो आणि ज्यानं उरलेल्या अर्ध्यांना मळमळतं. व्हरांड्यात मुली भिंतीला टेकून शेवटचं पान वाचत असतात आणि वाचता वाचता ओठ हलवत असतात.

एकदा घंटा झाली की तीन तास नुसतं फिरायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल तर नाहीच नाही. वर पंखा कटकट करत असतो, खाली चाळीस डोकी वाकलेली असतात. पहिला अर्धा तास मी कर्तव्यदक्ष असते. मग मन सुटतं ते थेट पाच-सहा वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात जातं. दर वर्षी असंच होतं. तो उन्हाळा आठवला की आजही आधी भीती वाटते, आणि मग हळूहळू हायसं वाटतं. याच क्रमानं.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कॉलेजचा एका परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला होता. करार म्हणजे प्राचार्यांच्या केबिनमधली एक फ्रेम, दोन झेंड्यांची टेबलावरची जोडी आणि गेटवर लागलेला भलामोठा बॅनर. बॅनरवर पृथ्वीचा गोल आणि गोलावर आमची इमारत, तीही अशी की डोंबिवलीत एवढी स्वच्छ इमारत आहे यावर कुणाचा विश्वास बसू नये. मी समाजशास्त्र शिकवते. त्यामुळे ‘विद्यापीठाची सामाजिक जबाबदारी’ असं काही निघालं की ते आपोआप माझ्या टेबलावर येतं. केमिस्ट्रीवाल्यांकडे ॲसिड, माझ्याकडे समाज.

तर त्या विद्यापीठाबरोबर पाण्याचा एक अभ्यास ठरला. कल्याणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एक जुनं आगरी गाव आहे. पूर्वी शेती आणि मिठागरं होती, आता तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहतायत. गावाच्या विहिरीचं पाणी तपासायचं आणि घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची, असं काम. प्रश्नावली तिकडून इंग्रजीत आली, चकचकीत, तेरा पानांची. मराठी करायला मी. एका शनिवारी दुपारी पंखा फुल करून, कलिंगडाच्या फोडी खात मी ती मराठीत आणली. माझं भाषांतर वाचून परीक्षा विभागानंसुद्धा कौतुक केलं होतं, म्हणजे बघा.

मुलांना घेऊन आम्ही तीन रविवार गावात गेलो. गल्ल्या अरुंद, पत्र्यांवर सुकट वाळत घातलेली, दारादारांत रांगोळीचा ठिपका. पहिल्या दिवशी आम्हाला घरात बोलावलं ते हिरामावशींनी. सत्तरीच्या, काटक, आवाज खणखणीत. त्यांची सून प्रतीक्षा तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. कमी बोलायची, पण फॉर्मवरचा शब्दन् शब्द वाचून मग सही करायची. मावशींनी आमच्या मुलांना बसवून तांदळाची बोरं खायला दिली आणि म्हणाल्या, “लिवा बाबा लिवा. आमच्याकर पयले पन लय जना आलती. लिवून नेतान, मंगारी कोन येत नाय.”

“आम्ही येऊ मावशी,” मी म्हटलं. सहज म्हटलं. आपण म्हणतो तसं.

आणि गेले नाही. खोटं कशाला बोलू. फॉर्म भरले, बाटल्यांतून विहिरीचं पाणी आणलं, केमिस्ट्रीच्या साठे सरांनी तपासलं, सगळे आकडे तिकडे पाठवले आणि आम्ही पुढच्या सेमिस्टरला लागलो. वार्षिक अंकात फोटो आला. विद्यार्थी, मी, मागे विहीर, पुढे बॅनर. मावशी फोटोत आहेत, पण बॅनरमागे त्यांचा पदरच तेवढा दिसतो.

वर्ष गेलं. पुन्हा परीक्षा आल्या. मी बीए शेवटच्या वर्षाच्या पेपरला पहिल्या मजल्यावर ड्यूटी संपवून खाली आले, स्टाफरूममध्ये गार पाण्यानं तोंड धुतलं आणि मेल उघडला. तिकडच्या प्राध्यापक बाईंनी अहवाल पाठवला होता. अहवाल दोन महिन्यांपूर्वीच तयार झाला होता, कुठल्याशा परिषदेत वाचूनही झाला होता. आम्हाला प्रत पाठवायची राहिली म्हणून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती. मी कौतुकानं पानं उलटायला लागले. विहिरीचा फोटो, आमच्या कॉलेजचं नाव, माझं नाव, आडनावाचं स्पेलिंग चुकीचं. आणि मग चौथ्या पानावर ते वाक्य होतं. गावाच्या मुख्य विहिरीचं पाणी मैलापाण्यानं दूषित आहे, आणि गावातली बहुतेक घरं पिण्यासाठी याच पाण्यावर अवलंबून आहेत.

मी ते तीनदा वाचलं. डोक्यात एकच चित्र होतं. आठवड्यापूर्वी प्रतीक्षा मला बाजारात, कल्याणला, फुलवालीपाशी भेटली होती. तिला सातवा सरून आठवा लागला होता. ओटीचे गजरे घ्यायला आली होती, मला बघून लाजली होती. म्हणजे ही पोर वर्षभर ते पाणी पितेय, या स्थितीतही पितेय, आणि आमच्याकडे ते दूषित असल्याचा कागद आहे. साठे सरांना निकाल माहीत होता, पण ते पाणी कोण पितं ते माहीत नव्हतं. लोक काय म्हणाले ते मला माहीत होतं, पण निकाल माहीत नव्हता. दोन्ही एकत्र फक्त सातासमुद्रापलीकडे होतं, आणि तिथून ते परिषदेला गेलं. गावात मात्र कुणी गेलं नाही. मी स्वतः एखाद्या दुपारी रिक्षानं जाऊ शकले असते, इतकं ते गाव जवळ आहे.

मी प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांना ब्लडप्रेशर आहे आणि त्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर मूल्यांकन समिती होती. समिती येणार म्हणून कुंड्यांना गेरू लागला होता, बंद पडलेल्या लिफ्टवर ‘लवकरच सेवेत’ अशी पाटी लागली होती.

“मॅडम,” ते म्हणाले, “समितीला पंधरा दिवस राहिलेत. हा करार आपला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. आत्ता गावात गेलात, बोंबाबोंब झाली, पेपरात आलं, तर समिती काय म्हणेल? वर्ष गेलंय. पंधरा दिवस जाऊ देत.”

“सर, तिला आठवा महिना आहे.”

“कोणाला?”

आता कोणाला काय सांगू? आमच्या सामाजिक जबाबदारीला नाव होतं, गाव होतं, तिला डोहाळे लागलेले होते, आणि प्राचार्यांना ती कोण हे माहीत नव्हतं. तसं बघायला गेलं तर मलाही ती आठवली ती गजरे घेताना भेटली म्हणून. मी म्हटलं, “सर, मी उद्या जातेय. रजा टाकू की तशीच जाऊ, तेवढं सांगा.” त्यांनी पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, “सकाळचा पेपर करून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळचा पेपर माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब पेपर होता. संपल्या संपल्या उत्तरपत्रिका मोजून दिल्या आणि निघाले. ठाकुर्लीच्या पुलावरून रिक्षा जात होती तेव्हा मी मनात वाक्यं जुळवत होते. मावशी, एक सांगायचं होतं. मावशी, घाबरू नका. मावशी, तुम्ही जे पाणी पिता ते. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर बंद पडत होतं. वर्गात तास तास बोलणारी मी, पण हे एक वाक्य मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मीही कुठल्या मुलाला शिकवलं नव्हतं. पाहणी कशी करायची हे शिकवतो आम्ही. नमुना कसा निवडायचा, तक्ता कसा मांडायचा. जाऊन सांगायचं कसं, याला अभ्यासक्रमात अर्धा मार्कही नाही.

मावशी ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. “काय गो बाय, भर उन्हाची आलीस?” म्हणाल्या आणि प्रतीक्षाला हाक मारली. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली, एक हात कमरेवर. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रस्त्याकडची मोठी विहीर, पाणी खराब आहे, आमच्याकडे वर्षभर निकाल होता, सांगायला उशीर झाला, चूक आमची आहे.

मावशींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या येणार. घ्यायची तयारी होती माझी.

“रस्त्यावरची बाव?” त्या म्हणाल्या. “ता पानी पितंय कोन? ता वापराचा पानी हाय. कपरं धुवाला, गुरांना, अंगन सारवाला. पियाचा पानी देवलामागच्या बावीचा.”

“पण मावशी, फॉर्ममध्ये तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंय.”

“तुमी इचारलाव, या बावीचा पानी वापरता का? आमी वापरतो. हो सांगला.”

मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. हे शब्द माझे होते. इंग्रजीत ‘यूज’ होतं, मी ‘वापरता का’ लिहिलं होतं, कलिंगड खाता खाता, पेन क्षणभरही न अडखळता. गावानं त्याला मराठीत उत्तर दिलं. मुलांनी ते परत इंग्रजीत भरलं, आणि तिकडे कुणीतरी त्याचं ‘पितात’ केलं, कारण त्यांच्या घरी पाण्याला एकच नळ. पण माझ्या घरी? डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत आमचं बालपण गेलं. मोरीत निळं पिंप, ते वापरायचं. ओट्यावर तांब्याचा हंडा, तो प्यायचा. सात वर्षांची असताना मी एकदा मोरीतला मग ओट्यावरच्या हंड्यात बुडवला होता, तर आईनं अख्खा हंडा ओतून दिला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. म्हणजे सातव्या वर्षी जे मला पक्कं ठाऊक होतं ते पन्नाशीत कळलं नाही. कारण पन्नाशीत मी मराठीत बसलेलेच नव्हते. मी इंग्रजीत बसून मराठीत नुसतं वाकून बघत होते.

पण ते हसू फार टिकलं नाही. देवळामागची विहीर. ती आम्ही तपासलीच नव्हती. फॉर्ममध्ये ‘मुख्य सार्वजनिक विहीर’ होतं, मुलांना रस्त्यावरून दिसली ती मोठी, तिथून त्यांनी पाणी घेतलं आणि काम संपवलं. म्हणजे वर्षभर खपून आम्ही नेमकं न पिण्याचं पाणी तपासलं होतं. आणि प्रतीक्षा ज्या विहिरीचं पाणी पित होती तिच्याबद्दल जगातल्या कुठल्याच विद्यापीठाला काही माहीत नव्हतं.

“आता कनाला तोंड उतरला?” मावशींनी विचारलं. कशाला, म्हणून. मी कारण सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पायात चपला घातल्या.

देवळामागची विहीर लहान आहे. वर लोखंडी जाळी, जाळीला कडी, कडीला लाल फडकं बांधलेलं. बाजूला उंबर, त्याच्या सावलीत दगड ओलसर. तिथं चपला काढून जायचं असतं हे मला सांगावं लागलं. वर्ष उलटलंय, पाणी पुन्हा एकदा तपासू म्हणून साठे सरांकडून मी दोन छोट्या बाटल्या आणल्या होत्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेत ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर दूषित. मावशींनी स्वतः पोहरा सोडला, स्वतः पाणी ओतलं. बाटल्या घेऊन मी रिक्षात बसले तेव्हा ती काच माझ्या तळहातात गरम होत होती.

ते दोन दिवस. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी साठे सरांनी बाटल्या ठेवल्या होत्या, मे महिना असल्यामुळे वेगळी ऊब द्यायची गरज नव्हती. मी प्रत्येक पेपरच्या आधी आणि नंतर वर जाऊन बघत होते. “मॅडम, बघून बघून ते काळं होईल,” सर म्हणाले. सुपरव्हिजन करताना मी एका मुलाला पुरवणीऐवजी नवीन उत्तरपत्रिकाच दिली. मावशींना मी तोवर पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं. त्या उकळत असतील का, की “शिकलेल्यांचा काय खरा” म्हणून सोडून दिलं असेल, याचा विचार करत वर्गात येरझाऱ्या घालत होते. आणि मला त्या काळात उमगलेली एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. नोकरीच्या वीस-बावीस वर्षांत एखाद्या अभ्यासाच्या निकालाची मी अशी वाट कधी पाहिलीच नव्हती. निकाल म्हणजे माझ्यासाठी शेवटचं प्रकरण. तो कुणाच्या तरी पोटात जाणार असतो, हे मला नव्यानं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढत होते आणि साठे सर वरून उतरत होते. त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली. पाणी भरलं तेव्हा होतं तसंच होतं. मी जिन्याच्या पायरीवरच बसले. मुलं बाजूनं पेपरला पळत होती, “गुड मॉर्निंग मॅम” म्हणत होती, आणि मी बाटली मांडीवर घेऊन बसले होते. एका बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून आम्ही सरकारी प्रयोगशाळेतही पाणी पाठवलं. तिथूनही तेच आलं, पिण्यास योग्य. त्या रात्री मी किती तरी दिवसांनी गाढ झोपले.

तिकडच्या बाईंना मी लांबलचक मेल लिहिला. ‘यूज’ला आमच्याकडे दोन पिंपं लागतात, हे इंग्रजीत समजावताना घाम फुटला. चूक माझ्या भाषांतराची आहे आणि आपण दोघींनी गावाला आधी सांगायला हवं होतं, असंही लिहिलं. प्राचार्यांना प्रत पाठवली. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाळलं, मग समितीसमोर स्वतःच तो विषय काढला, ते का हे मी आजवर विचारलेलं नाही. तिकडच्या बाईंनी अहवाल दुरुस्त केला आणि विचारलं, की हे गावाला मराठीत देता येईल का. पहिल्यांदाच कुणी तसं विचारलं होतं.

मग एका संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मी तो कागद वाचला. एकच पान, मोठ्या अक्षरांत. देवळामागच्या विहिरीचं पाणी प्यायला चांगलं आहे. रस्त्याकडच्या विहिरीचं वापरायलाही जपून घ्या, भांडी शेवटची विसळायला तरी ते नको. बायका ऐकत होत्या, मध्येच आपापसांत बोलत होत्या. एकीनं विचारलं, “मंग गुरांना चालंल का?” मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं आणि विचारून कळवते म्हटलं. या वेळी कळवलंसुद्धा, आठवड्याच्या आत.

सगळ्या उठल्या तेव्हा प्रतीक्षा मागे राहिली. एव्हाना तिला चालताना धाप लागत होती. म्हणाली, “मॅडम, मी तुमच्याच कॉलेजची आहे. बीकॉम केलंय. तुम्ही शिकवायला नव्हता, पण वार्षिक दिनाला सूत्रसंचालन करायचात ना, ते आठवतं.”

मी चकित झाले. मग काहीतरी खटकलं. फॉर्म भरताना शब्दन् शब्द वाचणारी ही पोर. मी विचारलं, “मग प्रतीक्षा, तो प्रश्न वाचून तुला काही वाटलं नाही?”

“वाटलं ना,” ती म्हणाली. “मी सासूबाईंना म्हटलंपण, यांना प्यायचं विचारायचं असेल. पण कॉलेजनी छापून आणलेलं होतं. म्हटलं, त्यांना कळत असेल.”

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. तीन वर्षं ही आमच्या बाकावर बसली, पेपर लिहिले, पास झाली. प्रश्नच चुकलाय हे तिला उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं होतं. आणि छापलेला प्रश्न चुकीचा असू शकत नाही, हे तिला आम्हीच शिकवलं होतं.

तिला मुलगी झाली, जूनमध्ये, ठणठणीत. आता ती बालवाडीत जाते. आणि आमच्या कॉलेजातून कुठल्याही गावात, कुठल्याही वस्तीत, टिटवाळ्याला असो की मोहन्याला, एकही प्रश्नावली प्रतीक्षानं वाचल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिला आम्ही रीतसर नेमलंय. तिच्या नावापुढे पद काय लिहायचं यावर विद्यापीठाकडे पत्रव्यवहार चालू आहे, तो माझ्या निवृत्तीनंतरही चालेल. काल मी तिला नवा फॉर्म पाठवला, पुन्हा एका परदेशी विद्यापीठाचा, आरोग्याचा. मराठी माझंच, अगदी जपून, चार वेळा तपासलेलं. आज सुपरव्हिजन संपवून फोन चालू केला तर तिनं फोटो काढून परत पाठवला होता. पहिल्याच प्रश्नावर लाल पेनानं आडवी काट. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, असं कोणी विचारत नाही.’

मी जिन्यात उभी राहून ते वाचलं आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.